बंडी, पट आणि लोणार : माहेरचे पाच दिवस

पहिला दिवस

दादाचा फोन आला तेव्हा मी अकरावीचे पेपर तपासत होते. "ताई, पोट्टं सहामाहीत सायन्समध्ये आपटलं. पयलाच धडा, गतीचे नियम, अन् तेथंच गाडी फसली. संक्रांतीले ये. तेवढंच माहेरपण होईन."

पदार्थविज्ञान शिकवायला लागून मला बावीस वर्षं झाली. नववीचा एक धडा म्हणजे दोन संध्याकाळींचं काम, असं मनाशी धरून मी पुण्याहून रात्रीची गाडी पकडली.

सकाळी भुसावळच्या अलीकडे चहावाला आला. गाडी शंभराच्या आसपास पळत होती आणि कपातला चहा मात्र घरच्या ओट्यावर ठेवल्यासारखा सपाट. चारशे वर्षांपूर्वी गॅलिलिओने हेच जहाजाबद्दल सांगितलं होतं. बंद खोलीत बसलात तर जहाज उभं आहे की संथ सरळ चाललं आहे, हे आतल्या कुठल्याच वस्तूवरून कळणार नाही. स्टेशन जवळ आलं, ब्रेक लागले, आणि चहा कपाच्या पुढच्या काठाकडे चढला. असं काही दिसलं की हिशेब करायची मला खोड आहे. गाडीचा वेग सेकंदाला अर्धा मीटर प्रति सेकंद या दराने उतरत असेल, तर सहा सेंटीमीटर तोंडाच्या कपात पुढची कड मागच्या कडेपेक्षा तीन मिलिमीटर वर दिसते. डोळ्याला सहज कळतं. चहाला पुढे कुणी ढकललेलं नसतं. गाडी हळू झाली, चहा आधीच्याच वेगाने निघाला होता, मध्ये कपाची भिंत आली.

दुपारी धामणगाव रेल्वेला उतरले. दादा मोटरसायकल घेऊन उभा होता. गाव तिथून पंधरा-सोळा किलोमीटर. रात्री वहिनीने तुरीच्या सोल्याची भाजी आणि ज्वारीची भाकर केली होती. त्या भाजीपुढे गतीचे नियम उद्यावर गेले.

दुसरा दिवस

सकाळी वावरात. पऱ्हाटीचा शेवटचा वेचा चालू होता, बाया ओटीत कापूस भरत तासातासाने पुढे सरकत होत्या. आबाजी बंडी, म्हणजे आमच्याकडची बैलगाडी, घेऊन आले. आबाजी आमचे कोणी रक्ताचे नाहीत. वडिलांच्या काळात सालदार होते, आता सत्तरी ओलांडली तरी बैलांना दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नाहीत. मी फ्रॉकमध्ये असल्यापासून ते मला बाई म्हणतात.

पाच-एक क्विंटल कापूस भरून बंडी निघाली आणि पांदणीत फसली. शेजारच्या ओलिताचं पाणी रात्री पांदणीत उतरलं होतं. काळी माती, त्यात पाणी. डावं चाक वीतभर रुतलं. बैल जोर करत, खूर घसरत, परत जागेवर येत.

भाच्याने नेमका तोच क्षण साधला. "आत्या, सरनं लिहून देल्लं हाय. बइल बंडीले जेवढं ओढते, तेवढंच बंडी बइलाले मांगं ओढते. मंग बंडी कधी चालतच नाही पाह्यजे ना? आता तं दिसूनच राह्यलं."

हा प्रश्न माझ्या वर्गात दरवर्षी येतो. मी फळ्यावर दोन बाण काढते, मुलं वहीत दोन बाण काढतात आणि कुणालाच काही कळत नाही. या खेपेला बाण काढायला फळा नव्हता. म्हटलं, बैलांच्या खुरांकडे बघ. बंडीच्या खात्यात बंडीवर लागलेली बलंच लिहायची, बैलांच्या खात्यात बैलांवरची. बंडीला पुढे ओढतात बैल, मागे धरतो चिखल. बंडी हलेल की नाही ते या दोघांच्या वजाबाकीत ठरतं. बंडी बैलांना मागे ओढते, ते कलम बैलांच्या खात्यात जातं. मग बैलांना पुढे कोण ढकलतं?

"कोनी नाही. थेच चालते."

"खूर मातीला मागे रेटतात आणि माती खुरांना पुढे रेटते. आता मातीला पकडच नाही, म्हणून खूर घसरतात. बैलांत जोर आहे, पण टेकू नाही."

आबाजी हे सगळं ऐकत पऱ्हाट्या तोडून खुरांखाली अंथरत होते. त्यांना ना बाणांची गरज होती ना माझी. मग ते दादाला ओरडले, "चाकाले हात लाव, बंडीले नोको!" दादाने मागून साटा ढकलणं सोडलं आणि चाकाच्या वरच्या आऱ्याला लोंबकळला. हे मी लहानपणापासून पाहत आले, पण विचार पहिल्यांदाच केला. चाक जमिनीला टेकतं तो बिंदू त्या क्षणी स्थिर असतो, चाक त्याच्याभोवती वळतं. चाकाचा माथा त्या बिंदूपासून आसाच्या दुप्पट उंचीवर. म्हणून माथ्याला लावलेला जोर आसाला लावलेल्या दुप्पट जोराएवढा पडतो. शाळेत तरफ शिकवताना आम्ही कात्री आणि अडकित्ता दाखवतो, चाकाचा आरा कधी दाखवत नाही.

बंडी सुटली. पहिले दोन हात बैलांच्या माना ताणलेल्या, मग कोरड्या रस्त्यावर नुसत्या सैल. आबाजी म्हणाले, "निंघाले जोर लागते वं बाई, चालाले नाही."

मी चालता चालता थांबले. जडत्वाचं अर्धं प्रकरण हा माणूस एका वाक्यात बोलून गेला होता. उरलेल्या अर्ध्याबद्दल विचारलं, की बैल सोडले आणि बंडी चालतीच राहिली तर? आबाजींनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "बइल थांबले का बंडी थांबते. यात काय शिकाचं हाय?"

दुपारी ते धुऱ्यालगतच्या रब्बी ज्वारीवर पोपट हाकायला गेले. पूर्वी सगळी शिवार ज्वारीने पिवळी असायची. आता सोयाबीन, तूर आणि कापूस. ज्वारी घरच्या भाकरीपुरती. रात्री रोही येतात, दिवसा पोपट. आबाजींची गोफण अजून त्यांच्या आईने वळलेली आहे. भाच्याला विचारलं, दोरी सुटली की दगड कुठे जातो? तो म्हणाला, बाहेरच्या बाजूला, हातापासून सरळ दूर. माझ्या वर्गातले निम्मे तरी हेच सांगतील. मग त्याने वीस-पंचवीस दगड फेकले. एक आमच्या डोक्यावरून गेला आणि वहिनीने गोफण काढून घेतली, पण तोवर त्याच्या लक्षात आलं होतं. पोपट समोर असेल तर दोरी सोडायची ती दगड समोर असताना नाही, बाजूला असताना. दगड ज्या क्षणी ज्या दिशेने चाललेला असतो, त्याच दिशेने सुटतो. बाहेर त्याला कोणी ओढत नाही. उलट दोरी इतका वेळ त्याला आत ओढत होती, म्हणून तो गोल फिरत होता.

संध्याकाळी बंडी रिकामी करून एका बाजूने टेकू लावला. चाक हवेत. मी हाताने फिरवलं, साडेतीन फेरे झाले आणि थांबलं. आबाजींनी आसाला वंगण घातलं, परत तेवढ्याच जोराने फिरवलं. अकरा फेरे. मग भाच्याची सायकल उलटी करून तिचं चाक फिरवलं. आम्ही मोजायचं सोडून भुईमुगाच्या शेंगा फोडायला लागलो तरी ते फिरतच होतं.

"म्हंजे घासणं कमी केलं तं जास्त फिरते," भाचा म्हणाला. "अन् घासणंच नसलं तं?"

मी आनंदाने आबाजींकडे पाहिलं. सायकलचं चाक तेवढ्यात थांबलं. "थांबलंच ना शेवटी," आबाजी म्हणाले आणि उठून बैलांना कुटार टाकायला गेले.

रात्री झोप लागेना. इनर्शिया हा शब्द भौतिकशास्त्रात आणला केप्लरने. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ आळस, मंदपणा. केप्लरच्या मते द्रव्य जात्याच आळशी, रेटणारा दूर झाला की आपोआप थांबणारं. आबाजींचंच मत. ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार आहेत हे ज्याने ताडलं तो माणूस या बाबतीत आमच्या गोठ्यात बसला असता. शब्द तोच ठेवून अर्थ उलटा केला न्यूटनने, १६८७ मध्ये. वस्तू चालवायला नाही, तिची चाल बदलायला बल लागतं. थांबणं हाही बदलच. आणि आम्ही मराठीत 'जडत्व' म्हणतो. मुलं 'जड' ऐकतात आणि वजनाशी जोडतात. शब्द चुकीचा नाही, जितकं वस्तुमान जास्त तितकं जडत्व जास्त हे खरंच आहे. पण त्या शब्दात बसून राहणं ऐकू येतं, चालत राहणं ऐकू येत नाही.

तिसरा दिवस

जवळच्या एका गावी शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, होता. तळेगाव दशासरचा पट सगळ्या विदर्भाला माहीत. हा त्यामानाने घरगुती, पण गर्दी तुडुंब. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली तेव्हा आबाजींनी पोसलेली पटाची जोडी विकून टाकली होती. २०२१ च्या डिसेंबरमध्ये अटींवर परवानगी मिळाली, २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला, तेव्हा म्हातारा घरात बसला होता. "आता वय नाही," एवढंच बोलले. मला स्वतःला पट आवडतो की नाही हे अजून ठरवता आलेलं नाही. बैलांच्या नाकपुड्या पाहिल्या की नको वाटतं आणि जोडी सुटली की मीही पायाच्या बोटांवर उभी राहते.

आमच्याकडे जोड्या घड्याळाशी पळतात. एका वेळी एक जोडी, सरळ पट्टी, सेकंदाच्या अंशावर निकाल. मागे छकडी, इतकी हलकी की दोन माणसं उचलून नेतील. कालची कापसाची बंडी आणि आजची छकडी, बैल म्हटले तर तेच, पण हलवायचं ओझं कितीतरी कमी. जोर तेवढाच आणि वस्तुमान निम्मं, तर वेग वाढण्याचा दर दुप्पट. छकडी कितीही हलकी केली तरी बैलांना स्वतःचं वजन तर पळवावं लागतंच, त्यामुळे ओझं दहापट घटलं म्हणून वेग दहापट होत नाही. भाच्याने हे न सांगता ओळखलं, तेव्हा दादाकडे बघून मी भुवया उडवल्या.

आम्ही सुटायच्या जागेपाशी उभे होतो. धुरकरी, म्हणजे छकडी हाकणारा, जोडी सुटण्याआधीच पुढे वाकून बसतो. एका नवख्या पोराने ते केलं नाही. बैल उसळले, छकडी पायाखालून निघाली आणि पोरगा मागच्या मागे मातीत. लोक हसले, तोही कपडे झटकत हसला. लाऊडस्पीकरवर "दाण मोकयी करा!"

"आत्या, त्याले मांगं कोनं ओढलं?"

हा तो प्रश्न. बावीस वर्षं मी वर्गात सांगत आले की बस सुटताना आपल्याला मागे धक्का बसतो आणि ब्रेक लागला की पुढे धक्का बसतो. 'धक्का बसतो' म्हटलं की मूल धक्का देणारा शोधणारच. चूक मुलाची नाही, माझ्या वाक्याची. त्या पोराला मागे कोणीच ओढलं नव्हतं. तो होता तिथेच होता. छकडी पुढे गेली, तिने त्याच्या बुडाला थोडं नेलं, धड मागे राहिलं.

"म्हंजे थो पडला नाही, छकडी निंघून गेली."

पडला तर तो खरंच, पण ते गुरुत्वाकर्षणाने. बाकी उत्तरात मला सुधारायला काही नव्हतं.

मग त्याला पट्टीच्या दुसऱ्या टोकाला नेलं. मला स्वतःला हेच टोक जास्त बघण्यासारखं वाटतं, पण तिथे उभं राहायला बंदी आणि ती योग्यच. निशाणापुढे लांबच लांब मोकळं रान सोडलेलं. जोडी निशाण ओलांडते, घड्याळ थांबतं, शिट्ट्या वाजतात, बैल मात्र पळतच असतात. धुरकरी कासरे ओढतो, मागे रेलतो, तरी कितीतरी अंतर गेल्यावर ती चाल मोडते. आबाजी बांधावर हात टेकून बघत होते. त्यांनी आयुष्यात शेकडो वेळा हे केलं असेल.

"आबाजी, बैल थांबले की बंडी थांबते म्हणता. इथे तर ओढून ओढून थांबवावं लागतं."

"पयता बइल येगळा," ते म्हणाले. पण बराच वेळ गप्प होते. परतताना आलूबोंडा खाताना म्हणाले, "तुमच्या बापानं एकदा बंडी उतारावर सोडली होती. बइल आंगावरची बंडी झेलत पयत होते. ओढत नोव्हते." आणखी काही बोलले नाहीत.

चौथा दिवस

लोणारला जायचं माझं चाळीस वर्षांचं राहिलेलं काम. आता समृद्धी महामार्ग धामणगावाहून जातो म्हणून दादाने गाडी काढली. आबाजींना पुढे बसवलं. फाट्यावर त्यांनी फलक वाचून घेतला. दुचाकीला मनाई, तीनचाकीला मनाई. "बंडीचं तं नावच नाही," म्हणाले.

पट्टा लावायला ते तयार नव्हते. मी भाच्याला हिशेब घालायला लावला. ताशी ६० किलोमीटरवर कचकन ब्रेक दाबला तर कोरड्या रस्त्यावर गाडी साधारण २० मीटरवर थांबते. १२० वर किती? तो म्हणाला ४०. मी म्हटलं, ८०. वेग दुप्पट तर अंतर चौपट, कारण थांबवायची असते ती ऊर्जा आणि ती वेगाच्या वर्गात वाढते. शिवाय पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात ३३ मीटर आधीच संपलेले. या सगळ्यात पट्टा नसलेला माणूस गाडीबरोबर थांबत नाही, काचेपर्यंत आपल्याच वेगाने जातो. आबाजींनी पट्टा ओढला. हिशेबाने नाही, कालचा छकडीवरचा पोरगा आठवून. मला तसंच वाटलं.

मेहकरला उतरून लोणार. विवराच्या काठावर पोचेपर्यंत जमीन सपाट, झाडं, घरं, आणि अचानक पुढे काहीच नाही. १.८ किलोमीटर व्यासाची, जवळपास गोल, दीडशे मीटर खोल वाटी. तळाशी हिरवट तळं. ही वाटी बेसॉल्ट या काळ्या खडकात, म्हणजे आमच्या काळ्या मातीच्या आईबापात, खोदली गेली आहे. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने तिची नोंद केली. बराच काळ लोक तिला ज्वालामुखीचं मुख समजत. १९७३ मध्ये इथल्या दगडांत मॅस्केलिनाइट सापडलं. प्रचंड आघाताच्या दाबाने खनिजाची जी काच होते ती. तेव्हा उल्कापाताचं नक्की झालं. वयाबद्दल मात्र एकमत नाही. एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षं, दुसऱ्या, अलीकडच्या, पद्धतीने सुमारे पावणेसहा लाख.

आबाजींना वेगळी हकिगत माहीत होती. लवणासुर इथे राहायचा, विष्णूने त्याला मारला, गावातलं दैत्यसूदनाचं मंदिर त्याचंच. मी ती तोडायला गेले नाही. फक्त म्हटलं, वरून दगड आला असं आमचे लोक म्हणतात.

"केवढा?"

"या खड्ड्यापुढे लहानच."

"मंग एवढा खड्डा?"

वेगामुळे. बाहेरून पृथ्वीवर येणारी वस्तू निदान सेकंदाला ११ किलोमीटर वेगाने येऊन भिडते. मोठा दगड असेल तर हवा त्याला फारशी अडवू शकत नाही. गोफणीचा गुंडा असता तर हवेनेच संपवला असता. त्या वेगाला एका किलो दगडात एक किलो टीएनटी या स्फोटकाच्या साधारण पंधरापट ऊर्जा असते. भाच्याने मोबाइलवर तीनदा करून पाहिलं. तिसऱ्यांदाही पंधराच आलं. म्हणून दगड तिरपा आला तरी विवर गोलच होतं. तो जमिनीत घुसत नाही, फुटतो.

आबाजी कठड्याला धरून उभे होते. खाली पाणी हलत नव्हतं. बराच वेळाने त्यांनी विचारलं, "थो दगड इकडं याच्या आंधी किती वर्स चालून राह्यला होता?"

"कोट्यवधी वर्षं. सूर्याभोवती फिरत."

"एवढे वर्स त्याले हाकलं कोनं?"

मी तोंड उघडलं, पण भाचा आधी बोलला. "कोनंच नाही आबाजी. तेथं घासाले काही नाही ना. थांबवाले कोनी भेटलंच नाही."

"अन् सूर्याभोवती फिरे म्हंतेस नं?"

"थे गोफणीची दोरी. थे फक्त वयवते."

आबाजींनी टोपी काढून डोकं खाजवलं. पटलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. परत फिरताना गोमुखाच्या धारेखाली त्यांनी हातपाय धुतले, तोंडावर पाणी मारलं आणि मला म्हणाले, "मंग येथं येऊन थांबला. आमच्या बुलडाण्यात." बुलडाणा जिल्हा त्यांचा नाही, पण त्या क्षणी होता.

पाचवा दिवस

सकाळी भाच्याने धड्याखालचे प्रश्न सोडवून दाखवले. एक उदाहरण चुकलं, गुणाकारात. वहिनीने तिळाचे लाडू आणि बोरं बांधून दिली. आबाजी अंगणात कुऱ्हाड दुरुस्त करत होते. पातं सैल झालं होतं. त्यांनी कुऱ्हाड उलटी, पातं खाली, हवेत लोंबती धरली आणि दांड्याच्या वरच्या टोकावर लाकडी मोगरी मारली. चार ठोक्यांत दांडा पात्यात गच्च. पात्याला कुणी हातही लावला नव्हता. ते जड, ते जागेवर राहिलं, दांडा आत गेला. माझ्याकडे पाहून त्यांनी कुऱ्हाड पुढे केली आणि काही न बोलता हसले.

दुपारी धामणगावहून गाडी मिळाली. खिडकी, चहा. दहा मिनिटांत दादाच्या फोनवरून भाचा. मागे बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज.

"आत्या, आबाजी विचारून राह्यले, चहा सपाट हाये का?"

पहिल्या दिवशीची चहाची गोष्ट मी फक्त जेवताना सांगितली होती; आबाजी तेव्हा ओसरीवर आमच्याकडे पाठ करून बसले होते.

मी कपात पाहिलं. चहा पुढच्या काठाला चढायला लागला होता. चांदूर आलं होतं.